धूर मोजायचा, पंखाही चालू ठेवायचा

चिमणीवर चढून काम करणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न एकच विचारतात. थोडं जवळ सरकून, आवाज बारीक करून म्हणतात, "वर गेल्यावर लागली तर काय हो करता?" आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आणि मग म्हणाले, "हेच सगळं लिहून द्या ना." तर आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकून राहायला नको. चढायच्या दिवशी सकाळी चहा अर्धा कप. नंतर उतरेपर्यंत पाणी घोट-घोट. बाकीचं काम मध्य प्रदेशचं ऊन करतं.

मला लिहायची भीती वाटते. तशी मला पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. रांगेची, इंग्रजी फॉर्मची, "जरा आत या" म्हणणाऱ्या शिपायाची. उंचीची तेवढी वाटत नाही. आमचं गाव चंदगड तालुक्यात, तिथे फणस उतरवायला मीच चढायचो. शाळा आठवीत सुटली. मामा इथे भोपाळला मोठ्या कारखान्यात होते, इंद्रपुरीत राहायचे, त्यांनी बोलावून घेतलं. भाच्याला कारखान्यात चिकटवून द्यावं असा त्यांचा विचार होता, पण कारखान्याला दहावी पास भाचा हवा होता. मग कुठून तरी कळलं की अरेरा कॉलनीत एका बाईंची लॅब आहे आणि त्यांना वर चढणारा माणूस पाहिजे. मामी म्हणाली, "वर चढणारा म्हणजे? नारळवाला?" मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी गेलो आणि पुढची एकतीस वर्षं तिथेच काढली.

त्या बाई म्हणजे सुलभाताई. इंदूरच्या. रसायनशास्त्र शिकलेल्या, बोलणं तिखट, आणि मराठी अशी की माझ्या गावाकडच्यांनी ऐकली तर विचारतील, ही कुठली भाषा? "महादेव, तू काय करून राहिलास?" हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या नावाचाच तो भाग वाटतो.

पहिल्यांदा ऐकलं ते पहिल्या आठवड्यात. आमच्या कामात एक वस्तू लागते, थिंबल. शिंप्याच्या बोटातली टोपी असते ना, तशीच पण लांबट, पांढरी, गाळणीसारखी. धूर तिच्यातून ओढला की राख आत अडकते. आधी कोरीचं वजन करायचं, नंतर राखेसकट करायचं, फरक म्हणजे धुरातली राख. एवढ्यावर सगळा धंदा. हे मला सांगितलं होतं, पण भीतीनं माझ्या कानात शिरलं नव्हतं. टेबलावर आठवडाभराचे नमुने ठेवले होते, काळे-करडे, घाण. मी नवीन माणूस, बाईंना खूश करावं म्हणून सगळे नळाखाली धुतले आणि गच्चीवर फडक्यावर वाळत घातले. काहींचा लगदा झाला. उरलेले मात्र लखलखीत निघाले.

"ताई, सगळे स्वच्छ करून ठेवलेत."

ताई गच्चीवर आल्या. बराच वेळ त्या वाळवणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "महादेव, तू काय करून राहिलास बाबा? तीन कारखान्यांचं पाप धुऊन टाकलंस तू. एवढं तर गंगेला पण जमत नाही." मला वाटलं, आता गावाकडची गाडी. पण त्यांनी काढलं नाही. तिन्ही कारखान्यांना फोन करून "आमच्याकडून चूक झाली, पुन्हा यायला लागेल" असं सांगितलं. "आमच्याकडून" म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. त्या एका शब्दावर मी पुढे किती चिमण्या चढलो याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आता धंद्याचं थोडं सांगतो. वीज करायला कोळसा जाळतात. कोळसा जळला की पिठासारखी राख धुराबरोबर उडते. ती अडवायला चिमणीच्या आधी घराएवढी लोखंडी पेटी असते. पेटीत एकामागे एक खोल्या, खोल्यांत उंच पत्रे टांगलेले, आणि आत जबरदस्त दाबाची वीज. राख पत्र्यांना चिकटते, ठराविक वेळानं हातोडे पत्र्यांवर आपटतात, राख खाली पडते आणि जरा बरा धूर पुढे जातो. म्हणजे वीज करताना झालेली घाण काढायलाही वीजच लागते. संसारासारखंच आहे.

मी असतो त्याच्याही पुढे, चिमणीच्या अंगावर. मध्यावर उभं राहायला कठड्याचा एक जाळीचा सज्जा असतो आणि चिमणीला एक झाकणाचं भोक. झाकण काढून लांब नळी आत घालायची आणि पंपानं धूर ओढायचा. गोम आहे ती ओढण्याच्या वेगात. गणपतीच्या मिरवणुकीत शिरलात तर मिरवणुकीच्या चालीनंच चालावं लागतं. पुढे पळालात की भलत्यांच्यात, मागे राहिलात की भलत्यांच्यात. धुराचं तसंच. तो ज्या वेगानं वर चालला आहे त्याच वेगानं ओढायचा. जोरात ओढलात तर जड राख नळीला चुकवून निघून जाते आणि आकडा गोरागोमटा येतो. हळू ओढलात तर उलट. म्हणून आधी धुराचा वेग मोजायचा, मग पंप लावायचा.

आणि नमुना घ्यायचा दिवस आधी कळवायचा असतो, म्हणून त्या दिवशी वीजघरं नटतात. चांगला कोळसा काढतात, हातोडे आधीच वाजवून ठेवतात, लोड उतरवतात. लोड म्हणजे त्या घटकेला किती वीज तयार होते आहे ते. लोड कमी तर धूर कमी, धूर सावकाश, आणि राखेला पत्र्याला चिकटायला भरपूर वेळ. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार असले की गुरुजी मला आणि आणखी दोघांना सकाळीच गवत कापायला माळावर पाठवायचे. त्या दिवशी शाळेचा निकाल फार चांगला लागायचा.

आमच्या फॉर्मात लोडचा रकाना असतो. खालून फोनवर जो आकडा सांगतील तो मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. दिसायचं मला, पण आठवी शिकलेला माणूस इंजिनियरला "खोटं बोलताय" कसं म्हणणार? म्हटलं नाही. याची रुखरुख आहे आणि ती लिहून कमी होईल असं वाटत नाही.

एकदाच म्हटलं. त्याचीच ही गोष्ट.

भोपाळपासून जीपनं दोन-अडीच तासांवर एक कारखाना होता. त्याचं स्वतःचं छोटं वीजघर होतं. त्यातून कारखाना चालायचा, शेजारची कामगार वसाहत चालायची आणि दोन गावांचे पाण्याचे पंप. बाहेरची लाईन होती, पण मे महिन्यात ती असून नसल्यासारखी. वीजघर बघायचे श्रीवास्तवसाहेब. पन्नाशीचे, गोल, घामेजलेले, भला माणूस. मी गेलो की आधी नाश्ता, मग काम. आमचा ड्रायव्हर अन्वरमियाँ तेवढ्यासाठी त्या फेरीची वाट बघायचा. तो अस्सल भोपाळी. दर वेळी मी चढायचा पट्टा बांधायला लागलो की मृत्युपत्राची चौकशी करणार, "को खाँ, वसीयत लिख आए? वो नई चप्पल मेरे नाम है ना?"

त्या वर्षी त्यांच्या राखेच्या पेटीतल्या चार खोल्यांपैकी एक मेली होती. तिला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर जळला आणि दुरुस्तीला इकडे भोपाळला, गोविंदपुऱ्यात आला. प्रदूषण बोर्डानं पत्र पाठवलं: नमुना घेऊन दाखवा. मर्यादेपेक्षा जास्त राख निघाली तर पेटी नीट होईपर्यंत वीजघर बंद. आता अडचण बघा. नापास झालं तर भर मेमध्ये वसाहत अंधारात आणि गावांचं पाणी बंद. पास झालं तर तीन खोल्यांवरच गाडं हाकत राहणार आणि चौथीची राख लोकांच्या नाकात. आणि हे ताईंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणजे त्यात माझीही भाकरी.

श्रीवास्तवसाहेबांनी पोहे वाढत म्हटलं, "महादेवजी, आज ज़रा दुआ कीजिए." मी हसलो. मला वाटलं, दुआच करायची आहे.

वर गेलो, सामान दोरीनं ओढून घेतलं, झाकण काढलं, धुराचा वेग मोजला. मागच्या खेपेपेक्षा कितीतरी कमी. पुन्हा मोजला. तेवढाच. खाली फोन लावला.

"साहब, लोड कितना लिखूँ?"

"फुल लिखिए."

मी लिहायला पेन काढलं आणि सहज वसाहतीकडे नजर गेली. वरून ती अख्खी दिसते, खेळण्यातल्या घरांसारखी. दुपारचे बारा वाजायला आलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि एकेक दार उघडायला लागलं. इकडून एक बाई, तिकडून पोरं, एक म्हातारा खाट ओढत झाडाखाली. बघता बघता सगळी वसाहत घराबाहेर आली. हातात वर्तमानपत्रं, पुठ्ठे, जे मिळेल त्यानं वारा घेतायत. मला वरून काही ऐकू येत नव्हतं, पण कळलं. कारखान्याची भट्टी थांबवता येत नाही, म्हणून कारखान्याचे एकदोन विभाग आणि सगळी वसाहत बंद करून लोड उतरवला होता. माझा धूर गोरा दिसावा म्हणून एवढी माणसं शिजत होती.

तोपर्यंत लोड उतरवणं म्हणजे कुठल्यातरी मीटरच्या काट्यानं खाली येणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो काटा दारातून बाहेर येतो हे पहिल्यांदा दिसलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहब, जब तक लोड ठीक नहीं होता, मैं नली नहीं डालूँगा."

मग साहेब म्हणाले, "क्या नहीं डालेंगे?"

"नली, साहब."

मी कठड्याला पाठ लावून खाली बसलो आणि ताईंना फोन केला.

"तू काय करून राहिलास?"

"बसून राहिलोय, ताई." सगळं सांगितलं. म्हटलं, "चुकलं का माझं? सांगा, लगेच घालतो नळी."

ताई म्हणाल्या, "पाणी आहे नं?"

"आहे."

"डोक्याला काही?"

"गमछा बांधलाय."

"मग बस. मला इथून काय दिसतंय? समोरच्यांच्या गच्चीवरच्या पापड्या. तुला सगळं दिसतंय, तर तूच ठरव. आणि ऐक, गिऱ्हाईक गेलं तर ते माझं गिऱ्हाईक आहे, तुझं नाही. तू रडू नको वर बसून."

मी रडत नव्हतो. घाम होता.

अर्धा तास गेला. तीनदा खालून फोन, एकदा गोडीत, एकदा रागात, एकदा नुसतेच उसासे. मग शिडी हलायला लागली. मी वाकून बघितलं तर श्रीवास्तवसाहेब चढत होते. एक पायरी, एक "हे राम". त्या वीजघरात त्यांची अठरा वर्षं झाली होती आणि स्वतःच्या चिमणीवर ते पहिल्यांदा येत होते. सज्ज्यावर पोचले ते डोळे मिटूनच, आणि दोन्ही हातांनी माझा दंड धरला. नंतर चार दिवस तिथे त्यांची बोटं उमटलेली होती.

"महादेवजी," डोळे मिटलेलेच, "आप मेरी नौकरी खाएँगे."

"साहब, डोळे... आँखें खोलिए. नीचे मत देखिए, दूर देखिए."

"आपने ये नमूना नहीं लिया तो बोर्ड कल बंद करवा देगा. लिया तो भी बंद करवा देगा. मैं आदमी हूँ कि घंटा, दोनों तरफ़ से बजाओगे?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी हळूच एक डोळा उघडला. मी वसाहतीकडे बोट केलं. साहेबांनी बघितलं. शोधत शोधत त्यांची नजर एका घरावर थांबली. ओसरीत पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बाई खुर्चीवर बसली होती, हातातला पंखा हलवत. इतक्या उंचावरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती, पण पंखा हललेला कळत होता.

"अम्मा," साहेब म्हणाले. "इनको बोला था, अंदर ही लेटना, आधे घंटे की बात है."

"एक घंटा हो गया, साहब."

साहेबांनी दुसरा डोळाही उघडला. मग विचारलं, "ये जो छतों पर सफ़ेद-सफ़ेद है, चूना है?"

"राख है, साहब. अपनी."

वसाहतीतली सगळी छपरं एका रंगाची होती. खालून छप्पर कोण बघतो?

तिथे बसल्या बसल्या मला जे सुचलं ते मी भीत भीत बोललो. मोठी अक्कल नव्हती त्यात. भाकरी करपते आहे की कच्ची राहते आहे हे बघायला आच कमी-जास्त करून बघतात, तेवढीच. म्हटलं, पास-नापास सोडून द्या. तीन थिंबल आहेत माझ्याकडे. फुल लोडला एक, मधल्या लोडला एक, उतरवलेल्या लोडला एक. तीन खोल्यांच्या पेटीला किती धूर झेपतो ते तरी कळेल. तेवढंच चालवा. पूर्ण बंद नको आणि लपवून चालू नको.

"यानी अपने खिलाफ़ गवाही खुद दूँ?"

"साहब, गवाही हम देंगे. आप बस लोड बढ़ाइए."

त्यांनी अम्मांकडे बघितलं, खिशातून फोन काढला. कंट्रोल रूममधल्या माणसाशी त्यांचं जे बोलणं झालं ते माझ्याकडून ऐकून अन्वरमियाँ आजही नक्कल करून दाखवतो. "हाँ, टाउनशिप चालू करो... हाँ, फुल... मैं ऊपर हूँ. ऊपर, ऊपर! अरे दफ़्तर में नहीं, चिमनी पर! ... हँसो मत, फ़ोन पर सुनाई देता है."

दहा मिनिटांत धुराचा वेग वाढला. खाली माणसं एकेक करून आत गेली. अम्मांनी पंखा मांडीवर ठेवला आणि उठल्या. मी नळी घातली. शेवटच्या, उतरवलेल्या लोडच्या नमुन्यापुरती वसाहत पुन्हा बंद करावी लागली, पण या वेळी आधी निरोप गेला. तीन नमुने घ्यायला साडेतीन तास लागले, आणि तेवढा वेळ श्रीवास्तवसाहेब वरच बसून राहिले. प्रामाणिकपणासाठी नव्हे. उतरायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांच्या कमरेला माझा पट्टा बांधला, मी खालच्या पायरीवर राहून त्यांचा एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवत आणला. खाली अन्वरमियाँ उभा होता. म्हणाला, "साहब, अगली बार वसीयत दोनों लिखना."

लॅबमध्ये थिंबल भट्टीत वाळवली, थंड केली, ताईंनी स्वतः वजनं केली. फुल लोडचा नमुना सपशेल नापास. उतरवलेल्या लोडचा इतका पास की त्यालाही लाज वाटली असेल. मधला काठावर, पण आतल्या बाजूनं. ताईंनी तिन्ही आकडे तिन्ही लोडसकट लिहिले आणि बोर्डाच्या साहेबांसमोर ठेवले. कारखान्याचे मोठे साहेब तिथे होते. ते म्हणाले, "मैडम, हमने एक नमूना माँगा था, आपने तीन क्यों दिए?" ताई म्हणाल्या, "दो फ़्री हैं."

बोर्डाच्या साहेबांनी खूप वेळ कागद बघितला. मग त्यांनी ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत मधल्या लोडवर चालवायची परवानगी दिली. पंपांना हात लावायचा नाही, कारखान्यानं आपला एक विभाग बंद ठेवायचा, आणि तरी जे उरेल ते वसाहतीनं दुपारी दोन-दोन तास पाळीनं सोसायचं. ताईंनी आणखी एक मागून घेतलं: पाळी आदल्या दिवशी फळ्यावर लावायची. लोकांना सांगून वीज घ्या, चोरून नको.

फळ्यावर लागली. पण लिहिणाऱ्यानं वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "चिमनी की जाँच के कारण." झालं. म्हणजे वीज मी नेली. त्या वीस दिवसांत वसाहतीनं चिमणीवाल्याला काय काय म्हटलं ते श्रीवास्तवसाहेब फोनवर मला मुद्दाम कळवत होते, थोडे शब्द गाळून.

मला झोप लागेना. पाळीच्या दोन तासांत मी घरी पंख्याखाली बसू शकत नव्हतो. बायको म्हणाली, "तुम्ही बंद केलात म्हणून त्यांचा चालू होणारे का?" मग मी रोज लॅबमधून घरी जाताना गोविंदपुऱ्यात त्या दुरुस्तीच्या शेडवर वाकडी वाट करायला लागलो. तिथला वाइंडिंग करणारा उस्ताद तांब्याच्या तारा गुंडाळत असायचा. मी नुसता दारात उभा राहायचो. सातव्या-आठव्या दिवशी तो न बघताच म्हणाला, "चाचा, बैठ जाओ. तुम खड़े रहते हो तो तार टेढ़ी लिपटती है." बसायला लागलो. चौदाव्या दिवशी त्यानं चहा मागवला. एकोणिसाव्या दिवशी म्हणाला, "ले जाओ, नहीं तो तुम यहीं रहने लगोगे."

एक वाईट गोष्टही सांगून टाकतो. त्या कारखान्याचं पुढच्या वर्षीचं काम ताईंकडे आलं नाही. मोठ्या साहेबांनी दुसरी लॅब बघितली, एकच नमुना देणारी. मी ताईंसमोर मान खाली घालून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. त्यांचे पोहे फार तिखट असतात, तू म्हणत होतास नं?" मी असं कधीच म्हटलं नव्हतं. आता म्हणे चिमण्यांना यंत्रं बसवली आहेत, आकडे सरळ बोर्डात जातात, वर चढायचं काम कमी झालं. चांगलं आहे. फक्त त्या यंत्राला वसाहत दिसत नाही.

पण ते काम जाण्याआधी, ट्रान्सफॉर्मर बसल्यावर, आम्ही एकदा शेवटचं तिथे गेलो होतो. चारही खोल्या चालू, लोड फुल. साहेबांनी वसाहतीत निरोप फिरवला होता की आज कोणीही कूलर बंद करायचा नाही. मी वर जाऊन नमुना घेतला (तो पुढे पास झाला), खाली उतरलो, सामान जीपमध्ये टाकत होतो. तेवढ्यात वसाहतीच्या फाटकातून पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बाई काठी टेकत सरळ आमच्याकडे आली. मी ओळखलं. अम्माजी. जवळून तांदळाच्या दाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, आणि डोळे साहेबांसारखे मिटलेले नव्हते.

"तुम दोनों में चिमनीवाला कौन है?"

वीस दिवसांच्या शिव्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. आणि मी, चिमणीवर बसून इंजिनियरला नाही म्हणणारा माणूस, म्हणालो, "जी, मैं तो ड्राइवर हूँ."

अन्वरमियाँनं माझ्याकडे बघितलं. मग छातीवर हात ठेवून झुकला. "जी अम्माजी, चिमनीवाला ये ख़ादिम है."

"तो सुनो," अम्माजी काठी आपटून त्याला म्हणाल्या. "बीस दिन मेरा दही खट्टा हुआ है. फ्रिज बंद, पंखा बंद, दही का क्या हाल होगा? मैंने रोज़ तुम्हें कोसा है."

"हक़ बनता है, अम्माजी."

"और कल मैंने चादरें धोईं. शाम को उतारीं तो झाड़नी नहीं पड़ीं. इस घर में अठारह साल में पहली बार." थांबल्या. "बस, यही कहना था."

अन्वरमियाँनं सलाम केला, दोन्ही बोलणी मोठ्या रुबाबात पदरात घेतली, आणि जाऊन जीपमध्ये बसला. डावीकडे. हात बाहेर टेकून म्हणाला, "चलो ड्राइवर साहब, देर हो रही है."

मला गाडी चालवता येत नाही. आजही येत नाही. पण अम्माजी हलेनात, बघत उभ्या. मी उजवीकडे चढलो, चाक धरलं, किल्ली फिरवली. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. अन्वरमियाँ खिडकीबाहेर तोंड करून हसत होता, त्याचे खांदे हलत होते.

अम्माजी सावकाश माझ्या खिडकीशी आल्या. माझ्या डोक्याकडे बोट केलं.

"भैया, ये पीला गमछा मेरे आँगन से साफ़ दिखता है. दही वाली बात तुम्हारे लिए थी." मग काठी उचलली आणि जाता जाता म्हणाल्या, "चादर वाली भी."